राणी मेलेलं खात नाही

सोमवार, ४ फेब्रुवारी

बोलायला घरात दोघीच उरल्या. एकीला धड ऐकू येत नाही आणि दुसरीला कानच नाहीत. म्हणून पार्लरच्या अपॉइंटमेंटची गेल्या वर्षीची डायरी काढली, तिच्यात कोरी पानं भरपूर आहेत, आणि लिहायला बसले.

पहिली माझी सासू. दुसरी नवऱ्याची अजगरीण.

नवरा परवा शनिवारी गेला. दाढ दुखते म्हणून ज्या दवाखान्यात जात होता, तिथल्याच डॉक्टरीणबाईकडे राहायला गेला. लोक दाढ काढून येतात, हा संसार उपटून आला. मी तिला दातवाली म्हणते. नाव माहीत आहे, पण माझ्या वहीत यायची तिची लायकी नाही.

जाताना मीच इस्त्री केलेले शर्ट नेले आणि सूचना ठेवून गेला. आईबद्दल नव्हे हं, राणीबद्दल. राणी म्हणजे ती अजगरीण. बॉल पायथन जातीची, माझ्या मनगटाहून जाड, चॉकलेटी अंगावर पिवळट डाग. आतल्या खोलीत काचेच्या पेटीत असते. खाली गरम चटई, कोपऱ्यात पाण्याचं भांडं, लपायला पोकळ ओंडका, एका टोकाला प्लास्टिकचा पाला. सोळा वर्षं मला हाक मारायची तर 'अगं', आणि ही 'राणी'.

"उंदीरवाला दर आठवड्याला जिवंत उंदीर आणून सोडेल. तू फक्त दार उघड. मेलेला द्यायला जाऊ नकोस, राणी मेलेलं खात नाही. तिकडे जागा झाली की येऊन घेऊन जातो."

"आणि आई?"

"आईचं बघू नंतर. तिला या वयात कुठे हलवायचं?"

म्हणजे अजगर हलवायचा, आई हलवायची नाही. आणि मी वेडी "अहो, टॉवेल राहिला तुमचा" म्हणत जिन्यापर्यंत पळत गेले. जिभेला वळणच पडलंय. मेली झडत कशी नाही!

ठरवलंय मी. एक उंदीर मिळणार नाही त्या राणीला. उपाशी मरू दे. न्यायला येईल तेव्हा पेटीत वाळकं वेटोळं मिळेल. शेजारी सासूबाईंचं सामान बांधून ठेवीन. दोन्ही एकदमच ने म्हणावं.


गुरुवार, ७ फेब्रुवारी

उंदीरवाला आला. पाळीव प्राण्यांचं दुकान आहे त्याचं, माणूस साधा आहे. हातात भोकं पाडलेला खोका. आत पांढरा उंदीर दोन्ही हातांनी तोंड धूत बसला होता, कुठे लग्नाला निघाल्यासारखा.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ही न खाता किती काढेल हो?"

"धडधाकट आहे, वहिनी. सहा महिने आरामात. काही तर वर्षही काढतात. तुम्ही अजिबात काळजी करू नका."

काळजी! मी काळजीने विचारलं असं वाटलं बिचाऱ्याला. वर्षभर मी हिच्या मरणाची वाट बघत बसू? तोवर माझेच केस पांढरे होतील.

उंदीर परत घेऊन जा म्हटलं. तो घोटाळला. "साहेबांनी सांगितलंय जिवंतच द्यायचा."

"साहेब गेले. आता मी सांगते."

मग तो दारातच उभा राहून बोलला. त्याची सगळी गिऱ्हाइकं गोठवलेले उंदीर नेतात. स्वस्त नि निर्धोक. जिवंत उंदराला दात असतात, कोंडला की तोही चावतो. साहेब प्रत्येक वेळी समोर उभे राहतात म्हणून आजवर निभावलंय. "पण तुमची राणी गोठवलेल्याकडे बघत नाही ना. साहेबांनी तर मिशी पणाला लावलीये. बघितला नाहीत व्हिडिओ?"

बघितला. आत्ताच. साप पाळणाऱ्यांच्या त्यांच्या ग्रुपवर आहे. राणी गळ्यात घालून महाशय सांगताहेत, "हिचा स्वभाव राजघराण्याचा. ताजी शिकार लागते. जगात कोणीही हिला मेलेला उंदीर खायला घालून दाखवावा, भर सभेत मिशी उतरवीन!" खाली लोकांनी टाळ्या ठेवल्यात. एप्रिलच्या शेवटी त्यांची सभा असते.

काय ती मिशी! रोज सकाळी माझ्या पार्लरच्या आरशासमोर, माझ्याच कात्रीने कोरायचा. आणि सभेत उतरवणार म्हणे.

वस्तरा माझ्याकडे आहे. खुर्चीही माझ्याकडे आहे. राणीने मरायचं नाही आता. राणीने जेवायचंय.


रविवार, १० फेब्रुवारी

गोठवलेले उंदीर आणले. फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेच्या मागे ठेवलेत. एक फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून मऊ केला आणि चांगला बशीत घालून पेटीत ठेवला. राणी आली, जीभ लवलवली, बशीला वळसा घालून पाण्याच्या भांड्यात जाऊन बसली.

मला हसू आलं आणि संतापही आला. हे मान फिरवणं मी ओळखते. सोळा वर्षं दोन वेळा ताजं रांधलंय मी. सकाळचं संध्याकाळी गरम करून वाढलं तर हा ताट सरकवायचा. "शिळं मला चालत नाही." गिऱ्हाईक खुर्चीत, डोक्याला रंग लावलेला, आणि मी हातमोजे काढून आत पळायचे, फोडणी टाकायचे, पुन्हा बाहेर. त्या पळापळीत एकदा बँकेतल्या बाईंचे केस तांबडे व्हायचे ते नारिंगी झाले. अजून ऐकवतात.

राणी मालकावरच गेलीये. पण तेव्हा मी बायको होते, आता नाही. बघतेच कोण जिंकतं.


शनिवार, १६ फेब्रुवारी

आज घाण केली. उंदीर थंड होता म्हणून नको म्हणाली असेल, तर गरम करू या, म्हणून मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. फट् करून आवाज झाला. मी काय बघितलं ते लिहीत नाही. जन्मात विसरणार नाही एवढं खरं.

उंदीरवाल्याला फोन केला तर तो कपाळाला हात लावल्याच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, मायक्रोवेव्ह कधी नाही! पिशवीत घालून कोमट पाण्यात सोडायचा. हिच्या ओठांवर बारीक खळगे आहेत ना, त्यांनी ऊब कळते तिला. डोकं जास्त गरम पाहिजे, म्हणजे तिला वाटतं जित्ता आहे."

डोकं गरम करायचं म्हणजे माझंच काम की. ड्रायर आहे.

मायक्रोवेव्ह फडक्याने पुसला. वरवर. तो त्याचाच आहे, त्याने हौसेने आणला आणि मग "यातलं शिळं लागतं" म्हणून एकदाही वापरू दिला नाही.


मंगळवार, १९ फेब्रुवारी

सासूबाई जेवत नाहीत. दोन चमचे भात, की झालं. ताट सरकवतात आणि फोनकडे बघत बसतात. ऐकू येत नाही म्हणून फोन मांडीवर घेऊन बसतात, थरथरला तर कळावा. त्याने अजून एकदाही केलेला नाही. मला मेसेज येतात. 'राणीचं तापमान बघतेस ना?'

बघते हं. तुझंही बघते.

मी सासूबाईंवर ओरडले आज. ऐकू यावं म्हणून ओरडावंच लागतं, पण आज जरा जास्तच ओरडले. या बाईला कधी एकदा तिकडे पाठवते असं झालंय. मग त्यांच्यासाठी भाजीचं पातळ सूप केलं, कारण दाताला त्रास होतो त्यांच्या. गाळून घेतलं. तेही अर्धंच प्यायल्या.


बुधवार, २७ फेब्रुवारी

कोमट पाणी केलं. ड्रायरने डोकं गरम केलं. लांब चिमट्यात शेपटीला धरून नाकासमोर नाचवला. नाही म्हणजे नाहीच. मध्येच बाहेर गिऱ्हाईक आलं. "कसला गं वास येतोय?" म्हणे. नवीन क्रीम आहे म्हटलं. तर म्हणे मला पण लाव.

सासूबाई हल्ली खुर्ची घेऊन पेटीसमोर बसतात. आधी राणीच्या खोलीत पाऊल टाकत नसत. आज बराच वेळ माझं चिमटानाट्य बघून म्हणाल्या, "अगं, असं पुढ्यात काय नाचवतेस? याने तरी पुढ्यातलं कधी खाल्लंय?"

"कोणी?"

"तुझ्या नवऱ्याने. लहानपणी ताट वाढलं की पळून जायचा. मग मी काय करायची, वाटी कपाटात लपवायची. त्याला दिसेल अशी लपवायची हं. आणि पाठ करून उभी राहायची. चोरून चाटून पुसून खायचा. हातातून निसटतंय म्हटलं की मगच त्याला भूक लागते. तू मेली रोज गरमगरम पुढे आणून ठेवलंस."

मुलाचं कौतुक अजून संपत नाही यांचं. गेला तो गेला, तरी वाटीच्या गोष्टी सांगतात. मला रागच आला. चिमटा धुऊन ठेवला आणि पार्लरमध्ये जाऊन उगाच कंगवे पुसत बसले.


शनिवार, २ मार्च

खाल्लं!! खाल्लं खाल्लं खाल्लं!

नीट लिहिते. संध्याकाळी दिवा मंद केला. उंदीर कोमट केला, डोक्याला ड्रायर दिला. या वेळी नाकासमोर नाही धरला. पेटीच्या लांबच्या टोकाला ठेवला, जरा हलवला, आणि राणीचं डोकं ओंडक्यातून बाहेर आल्याबरोबर मागे ओढला. ती थांबली. मी आणखी ओढला, कोपऱ्यातल्या पाल्यामागे लपवला, फक्त शेपूट दिसेल असा. सासूबाई मागून कुजबुजल्या, म्हणजे त्यांच्या मते कुजबुजल्या, "पाठ कर! पाठ कर!" मी खरंच पाठ केली, हातातल्या आरशातून बघत राहिले.

राणी आली. मान मागे घेतली, आणि सट्कन! मला दिसलंसुद्धा नाही. बघते तो उंदराला तीन वेटोळी. मेलेल्याला पुन्हा मारत होती, जीव खाऊन. मग डोक्याकडून गिळायला लागली. सासूबाईंनी टाळ्या पिटल्या. मी मोबाईल लावून ठेवलाच होता. सगळं आलंय व्हिडिओत, टाळ्यांसकट.

मला रडू आलं. का ते माहीत नाही. त्याची जिरणार म्हणून असेल.

सासूबाईंनी आज भात मागून घेतला. घाईत होते म्हणून मी ताट वाढलं नव्हतं, पातेलं ओट्यावर झाकून ठेवलं होतं. त्यांचं त्यांनी जाऊन घेतलं.


मंगळवार, १२ मार्च

पुन्हा खाल्लं. या वेळी फार ओढाओढी लागली नाही. राणीसाहेबांना कळलंय की लपवणारी मीच आहे.

व्हिडिओ अजून कुणाला पाठवलेला नाही. सभेतच दाखवणार. मोठ्या पडद्यावर. मग म्हणणार, "या, बसा खुर्चीत." वस्तरा पाजळून आणलाय. अर्धी मिशी उतरवून थांबावं का, असाही विचार आहे. पाच मिनिटं तशीच ठेवायची, फोटो काढू द्यायचे लोकांना. विचार करूनच इतकं बरं वाटतं की बँकेतल्या बाई म्हणाल्या, तुझा चेहरा उजळलाय, काय लावतेस? मी म्हटलं, सूड. त्यांना वाटलं कंपनीचं नाव.


रविवार, २४ मार्च

राणीने कात टाकली. अख्खी, तोंडापासून शेपटीपर्यंत, डोळ्यांवरच्या काचेसारख्या पापुद्र्यांसकट. टरकली तर तब्येत बरी नाही समजायचं, अख्खी आली तर उत्तम, असं उंदीरवाला म्हणाला. मी उंदरांना हात लावल्यावर साबणाने दोनदा हात धुते आणि मगच तिला उचलते, नाहीतर हाताला वास येतो नि तिला वाटतं जेवण आलं. आज हातावरून खांद्यावर आली आणि मानेमागे केसांत शिरून बसली. थंडगार, जड. पार्लरमधल्या गरम टॉवेलच्या अगदी उलट, पण तितकंच बरं वाटतं.

कात ड्रॉवरमध्ये ठेवलीये, टिश्यूत गुंडाळून. पुरावा म्हणून.


शनिवार, ६ एप्रिल

जसं झालं तसं लिहिते.

आज तो आला, राणीला न्यायला. काल मेसेज होता. सासूबाईंना सांगितलं तर सकाळीच पार्लरमध्ये येऊन खुर्चीत बसल्या. "केस कर गं जरा." इतक्या वर्षांत कधी बसल्या नव्हत्या त्या खुर्चीत. मी धुतले, सुकवले, मागे घेऊन छान बसवले. धुतलेली शाल घेतली त्यांनी. दारासमोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

दार उघडलं. मी बघतच राहिले. मिशी नव्हती.

"हे काय?" माझ्या तोंडून गेलं.

"काय? अच्छा, हे. तिला टोचायची." आणि हसला. वरचा ओठ गुलाबी, सोललेला, भलत्याच माणसाचा वाटत होता.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी एकदाच म्हटलं होतं, टोचते हो. तर चार दिवस अबोला धरला होता. मिशी म्हणजे पुरुषाची इज्जत आहे, तुला काय कळणार. तिला एका दमात भादरून दिली. पैज नाही, सभा नाही, काही नाही. माझा वस्तरा तसाच ड्रॉवरमध्ये.

"अगं आई, येतो गं, घाई आहे, गाडी खाली लावलीये!" दारातूनच ओरडला. त्यांनी हात वर केला होता, त्याच्या गालाला लावायला असेल. तोवर तो आतल्या खोलीत. केसांकडे बघितलंसुद्धा नाही.

पेटी नेली, ओंडका नेला, गरम चटई नेली. मग स्वयंपाकघरात डोकावून म्हणतो, "मायक्रोवेव्ह पण नेतो. तू वापरत नाहीस ना? तिकडे लागतो. तिला वेळ नसतो, पाकिटातलं गरम करून खातो आम्ही."

पाकिटातलं. गरम करून. हा.

"न्या की," मी म्हटलं. "पुसून ठेवलाय."

"उंदीर वेळेवर दिलेस ना?"

"दिले."

एवढंच म्हटलं. खोटं नाही बोलले. कोणते दिले ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता नाचव म्हणावं जिवंत उंदीर तिच्यापुढे. माझ्या हातचं खाल्लंय तिने. तुझ्या हाताला तोंड लावणार नाही. बस उपाशी अजगर घेऊन त्या दातवालीच्या घरात.

सासूबाईंचं सामान बांधून ठेवायचं राहूनच गेलं. विसरले मी.


रविवार, १४ एप्रिल

आतल्या खोलीत पेटीच्या जागी चौकोनी डाग राहिलाय. बरं झालं, जागा मोकळी झाली. दुसरी खुर्ची टाकून पार्लर वाढवता येईल. अजून टाकलेली नाही.

सासूबाई त्या डागासमोर खुर्ची घेऊन बसतात. जेवण पुन्हा दोन चमच्यांवर. वाटी लपवून बघितली, पण आता फसत नाहीत.


शुक्रवार, १९ एप्रिल

आला फोन! वाटच बघत होते.

"ती खात नाहीये. दोनदा नको म्हणाली. तू काही केलंस का?"

"मी काय करणार? अजगरातलं मला काय कळतंय? सभेत विचारा कुणाला तरी."

ठेवला फोन. इतकं गोड वाटलं. आरशात बघून स्वतःलाच डोळा मारला. सासूबाईंनी विचारलं कोण होतं. चुकून लागला कुणाचा तरी, म्हटलं. त्या मांडीवरच्या फोनकडे बघत राहिल्या.

फ्रीजरमध्ये अजून उंदीर आहेत. फेकायला हवेत.


गुरुवार, २ मे

उंदीरवाला आला होता. मला वाटलं उंदीर विकायला आला. पण आत येऊन बसला आणि पाणी मागितलं.

राणी खात नव्हती म्हणून साहेबांनी मोठा, तगडा उंदीर मागवला. भूक लागली की खाईल म्हणाले. दातवालीला ते बघवत नाही, म्हणून उंदीर आत सोडला, पेटीवर चादर टाकली, आणि दोघं बाहेर जेवायला गेली. नवरा कधी असा सोडून जायचा नाही. समोर उभा असायचा. परत येऊन चादर काढली तर उंदीर मजेत होता. राणीची पाठ कुरतडलेली. एका जागी पार आतलं दिसेपर्यंत.

"जिवंत आहे?"

"आहे. जनावरांच्या डॉक्टरांनी औषध लावलंय. पण वहिनी, ती ओंडक्यातून बाहेरच येत नाही."

मी रागाने त्याच्यावरच ओरडले, मोठा उंदीर दिलासच कसा. तो मान खाली घालून बसला. मग मला तो दिवस आठवला, मी 'दिले' म्हणून थांबले तो. चार शब्द पुढे बोलले असते. राणी मेलेलं खाते, लपवून दे. एवढंच. नाही बोलले. त्याची जिरवायची होती ना. त्याची काय जिरली? तो मजेत बाहेर जेवून आला. कुरतडली गेली ती.

सासूबाईंना सगळं सांगितलं, ओरडून ओरडून. शेवटी ओरडतच रडले. त्या म्हणाल्या, "ते रडणं पुरे. जा आणि घेऊन ये तिला."

"देणार नाही तो."

"जे हातात आहे त्याचं त्याला काय पडलंय? देईल."


शुक्रवार, ३ मे

गेले.

दातवालीने दार उघडलं. मला वाटलं होतं काय असेल नि काय नाही. माझ्याच वयाची बाई निघाली. गळ्यात मास्क लोंबतोय, केस दुभंगलेले, मुळाशी पांढरं दिसतंय. रंग नीट बसलेला नाही, कुणी लावला कोण जाणे. "तुम्ही का? या," म्हणाली. "बरं झालं आलात. मला त्या पेटीकडे बघवत नाही हो."

स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह फिरत होता. माझा नवरा त्याच्यासमोर उभा राहून हातात काटा घेऊन वाट बघत होता, शाळेतल्या मुलासारखा. मला बघून चपापला.

मी सरळ पेटीकडे गेले. हात धुऊनच निघाले होते घरून. झाकण काढलं. ओंडका उचलला. राणीच्या पाठीवर तो चट्टा. मी तिथेच खाली बसले. तिने हळूच जीभ काढली, माझ्या बोटाला लावली, मग हळूहळू मनगटावर आली.

"मी हिला नेते," मी म्हटलं.

"नेऊन काय करणार? तुला नाही जमायचं. तुला सांगितलंय ना, राणी मेलेलं..."

मी मोबाईल त्याच्यापुढे धरला. तो बघत राहिला. मंद दिवा, पाल्यामागची शेपूट, सट्कन झेप, आणि मागून त्याच्या आईच्या टाळ्या. शेवटपर्यंत बघितलं त्याने. हात आपोआप वर गेला, ओठावर, मिशीला पीळ द्यायला. तिथे काहीच नव्हतं. बोट तसंच फिरवत राहिला.

"हे... कधी?"

"माझ्या घरात. तू न्यायच्या आधी. दोनदा."

'तू' म्हटलं. माझं मलाच नंतर कळलं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. तेवढं माझं चुकलं, ते मी हिच्याशी निस्तरीन. त्या टाळ्या कोणाच्या आहेत, ओळखलंस का?"

दातवालीने विचारलं, "कोणाच्या?"

"याच्या आईच्या," मी सांगितलं. "हा गेल्यापासून एकदाही फोन केलेला नाही याने त्यांना."

दातवालीने वळून त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्याचं मी काही करू शकत नाही, ते आता त्यांचं ते बघतील. ग्रुपवर व्हिडिओ टाकू का, असं विचारायचं होतं, घरून ठरवून गेले होते. पण त्याच्या त्या उघड्या ओठाकडे बघून कंटाळाच आला. उतरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं त्याच्यात.

पेटी त्याने स्वतःच उचलून गाडीपर्यंत आणायचं कबूल केलं. तेवढ्यात मायक्रोवेव्ह टिंग झाला. त्याने त्याचं दार उघडलं, वाफ आली, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलला, "बस ना. जेवून जा. आणखी एक पाकीट आहे, दोन मिनिटांत गरम होतं."

मी त्या मायक्रोवेव्हकडे बघितलं. वरच्या बाजूला, कोपऱ्यात, माझं फडकं पोचलं नव्हतं तिथे, एक तपकिरी ठिपका अजून होता.

"नको," मी म्हटलं. "शिळं मला चालत नाही."


बुधवार, ८ मे

मलम सकाळ-संध्याकाळ. राणी ओंडक्यातच. सासूबाई पेटीसमोर. दातवालीचा फोन आला होता, राणी कशी आहे म्हणून. आणि मग अडखळत, केसांचा रंग कोणता वापरता म्हणून. मी सांगितला. का सांगितला कोण जाणे.

त्याचा फोन सासूबाईंना आला. त्यांच्या मांडीवर थरथरला. त्यांनी बघितलं, आणि थरथरू दिला.


शनिवार, १ जून

राणीने खाल्लं. लहान उंदीर, पाल्यामागे लपवलेला. चट्ट्यावर नवी कातडी धरलीये.

सासूबाईंनी उठून ओट्यावरचं झाकण काढलं, वाढून घेतलं.

मग मी सकाळची भाजी गरम केली आणि उभ्या उभ्या पातेल्यातूनच खाल्ली. छान लागली.